जागा देणं, जागा करणं आणि मिलग्रामचे ६८ टक्के

पेटचा निकाल लागून सिनॉप्सिस लिहायची वेळ आली की समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि भूगोलाच्या मुलामुलींमध्ये एक विषय हमखास फिरायला लागतो: ‘सार्वजनिक वाहतुकीतले अलिखित नियम’. कारण उघड आहे. विषय रोजच्या ओळखीचा, फील्ड दारात, खर्च तिकिटाएवढा. माझ्याकडे वाचायला आलेल्या अशा दोन-तीन सिनॉप्सिसचा साचा एकच होता. पहिल्या पानावर यादी: टोकियोत गाडीत फोनवर बोलत नाहीत, लंडनला सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहतात, मुंबईत लोकलला चौथी सीट असते. दुसऱ्या पानावर स्टॅन्ली मिलग्राम. तिसऱ्या पानावर ‘सदर प्रयोग नाशिक जिल्ह्यात करण्याचे योजिले आहे’.

यादीचं आधी उरकून टाकू. टोकियोतला फोनचा नियम अलिखित नाहीच. गाडीत त्याची घोषणा होते, डब्यात पाट्या असतात. लंडनच्या जिन्यांवरही ‘उजवीकडे उभे राहा’ असं लिहिलेलं असतं. उलट नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथल्याच वाहतूक खात्याने होबर्न स्टेशनवर तीन आठवडे लोकांना दोन्ही बाजूंना उभं राहायला सांगून पाहिलं, तेव्हा गर्दीच्या वेळी जिना जास्त माणसं वर नेऊ लागला. लांबलचक जिना चढून जाणारे थोडेच, आणि त्यांच्यासाठी अर्धी पायरी मोकळी ठेवायची म्हणजे बाकीच्यांची खाली गर्दी. तरीही प्रवाशांची कुरकुर झालीच. म्हणजे ज्याला आपण शिस्त म्हणतो ती सोयीची असतेच असं नाही, हा खरा अभ्यासाचा मुद्दा. यादीत तो येत नाही, कारण यादीला ‘कोण काय करतं’ एवढंच कळतं.

आता मिलग्राम. आज्ञापालनाच्या प्रयोगामुळे सगळ्यांना माहीत असलेला हाच तो माणूस. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत शिकवताना त्याने आपल्या विद्यार्थ्यांना एक काम दिलं: भुयारी रेल्वेत जायचं, बसलेल्या धडधाकट माणसासमोर उभं राहायचं आणि काहीही कारण न सांगता म्हणायचं, ‘माफ करा, मला तुमची जागा मिळेल का?’ कल्पना सुचली ती सासूबाईंच्या तक्रारीवरून. हल्लीची तरुण पोरं म्हाताऱ्या माणसाला जागा का देत नाहीत, असं त्यांनी विचारलं होतं. (सासूबाईंच्या तक्रारीतून पेपर निघू शकतो, हे घरी सांगून ठेवा.) विद्यार्थी आधी तयारच होईनात. एक जण तयार झाला, वीस जणांना विचारून येतो म्हणाला आणि चौदा जणांवर थांबून परत आला. पुढे जमत नाही म्हणाला. मग मिलग्राम स्वतः गेला. तोंडातून शब्द फुटेना, आणि शेवटी जागा मिळाली तेव्हा ती मागणं योग्य वाटावं म्हणून आपण आजारी असल्यासारखं वागायला लागलो, असं त्याने नंतर सांगितलं. जॉन सबिनीबरोबर लिहिलेला पेपर १९७८ मध्ये आला.

आकडे असे. नुसतं विचारलं तेव्हा ६८.३ टक्के लोकांकडून जागा मिळाली. दुसऱ्या प्रकारात दोन विद्यार्थी आधी ऐकू जाईल असं बोलत, ‘कुणाला जागा मागितली तर चालेल का रे?’ आणि मग विचारत, तेव्हा ३६.५ टक्के. तिसऱ्या प्रकारात फुटकळ कारण दिलं, उभं राहून मला पुस्तक वाचता येत नाही म्हणून, तेव्हा ४१.९ टक्के. चौथ्यात तोंडाने न विचारता चिठ्ठी पुढे केली. तेव्हा ५० टक्के. परीक्षेला हे एवढं येतं. २००४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या दोन बातमीदारांनी तेच पुन्हा करून पाहिलं, तर पंधरापैकी तेरा जण उठले.

पेपरचं मोठेपण कशात आहे तेही सांगायला हवं, कारण टीका म्हणजे नुसती चूक दाखवणं अशी आपल्याकडे एक समजूत आहे. त्याआधी हॅरॉल्ड गार्फिंकेलने सांगून ठेवलं होतं की रोजचे नियम बघायचे तर ते मोडून बघा. मिलग्रामने ते मोडणाऱ्याच्या शरीरावर काय होतं याची नोंद घेतली. घाम, मळमळ, अडकलेला आवाज. नियम बाहेरच्या शिक्षेने टिकत नाही, तो मोडणाऱ्याच्या घशातच अडकतो, हे त्याचं म्हणणं मला आजही पटतं. फुटकळ कारण दिल्यावर टक्का घसरतो, हेही छान पकडलंय. कारण दिलं नाही तर समोरचा मनातल्या मनात तुमच्यासाठी एखादं गंभीर कारण तयार करतो, बरं नसेल, चक्कर येत असेल. पुस्तकाचं नाव काढलं की ती वाट बंद.

माझी तक्रार ६८.३ या आकड्याबद्दल आहे. हा आकडा दोन आकड्यांची बेरीज आहे. पेपर नीट वाचलात तर दिसेल की ५६ टक्के लोक उठले आणि १२.३ टक्के लोक उठले नाहीत, ते बाजूला सरकले आणि विचारणाऱ्याला बसायला जागा झाली. एक्केचाळीस जणांतले साधारण पाच जण. मिलग्रामने दोन्ही एकाच रकान्यात टाकले, कारण त्याच्या प्रश्नाला दोन्हींचं उत्तर ‘जागा मिळाली’ असंच होतं. न्यूयॉर्कमध्ये ही बेरीज कुणाला खटकली नाही. वणीच्या स्टँडवर बसून हा पेपर वाचला की ती पहिल्यांदा खटकते.

मराठीत बघा, आपल्याकडे जागा ‘देतात’, जागा ‘करतात’ आणि जागा ‘धरतात’. तीन क्रियापदं, तिन्ही रोजच्या बोलण्यातली. देणारा उठतो, उभा राहतो, त्याची जागा जाते. करणारा सरकतो, त्याची जागा थोडी आकसते पण जात नाही. धरणारा तर अजून गाडीत चढलेलाही नसतो. मिलग्रामच्या प्रयोगात मोजायला फक्त पहिलं क्रियापद होतं. दुसरं आलं ते चुकून, पाच माणसांच्या रूपाने, आणि पहिल्यात मिसळून गेलं. तिसऱ्याला तिथे वावच नव्हता.

वणी म्हणजे दिंडोरी तालुक्यातलं बाजाराचं गाव, सप्तशृंगी गडाच्या पायथ्याच्या बाजूचं. एकीकडून नाशिक-दिंडोरीचा रस्ता येतो, एकीकडून पिंपळगाव बसवंतचा, पुढे सापुताऱ्याकडे जाणारा, आणि कळवण, नांदुरीकडचा. स्टँडवर शाळेची पोरं, द्राक्षबागांच्या कामावरून परतणारी माणसं, दवाखान्याला नाशिकला निघालेली म्हातारी जोडपी, गडावर जाणारे भाविक. गाडी आत वळली, अजून फलाटाला लागलीही नाही, की दोन-चार तरुण तिच्याबरोबर पळायला लागतात आणि उघड्या खिडकीतून रुमाल आत पडतो. रुमाल, टोपी, उपरणं, दप्तर, कधी पाण्याची बाटली, आणि गर्दी फारच असेल तर एखादं लहान पोरगंसुद्धा. मग दरवाज्यात रेटारेटी आणि आत गेल्यावर ती सुप्रसिद्ध वादावादी. ‘रुमाल टाकलाय ना तिथं.’ ‘रुमाल टाकला म्हणजे सीट विकत घेतली का? आधी चढलो मी.’

हे नुसतं ग्रामीण गमतीचं चित्र म्हणून सोडून देऊ नका. इथे दोन नियम समोरासमोर उभे आहेत. दोन्ही ‘जो आधी, त्याची जागा’ असंच म्हणतात. भांडण आहे ते ‘आधी’ म्हणजे काय यावर. आधी चढलेला की आधी खूण टाकलेला? मिलग्रामने न्यूयॉर्कमधला नियम अगदी सहज गृहीत धरला: जो आधी बसला त्याची जागा, आणि मागणं म्हणजे नियमभंग. वणीला मुळात तेवढंही गृहीत धरता येत नाही.

खुणेचा विचार पाश्चात्त्य संशोधनात झालेलाच नाही असं मात्र लिहू नका. सिनॉप्सिसमध्ये ‘या विषयावर संशोधन आढळत नाही’ हे वाक्य फार सढळ हाताने येतं. अर्व्हिंग गॉफमनने १९७१ च्या पुस्तकात माणसाच्या तात्पुरत्या हद्दी आणि त्या दाखवणाऱ्या खुणा यांवर सविस्तर लिहिलंय. त्याच्याही आधी रॉबर्ट सॉमर आणि फ्रँकलिन बेकर यांनी ग्रंथालयात वस्तू ठेवून बघितल्या होत्या. कोट, वही अशी कुणाच्या तरी मालकीची वाटणारी वस्तू गर्दीतही जागा राखते. विस्कटलेली मासिकं तेवढी राखत नाहीत, लोक शेवटी बसतात. आणि शेजारी बसलेला अनोळखी वाचक विचारल्यावर ‘कुणीतरी बसलंय तिथं’ असं सांगून जागेची राखण करतो. शेजाऱ्याचं हे काम त्यांच्या १९६९ च्या लेखाच्या नावातच आलंय.

एसटीतला रुमाल आणि ग्रंथालयातला कोट यांत मात्र एक फरक आहे, आणि माझ्या मते एखाद्याला तिथून आख्खा प्रबंध मिळेल. ग्रंथालयात कोट ठेवणारा आणि बसणारा एकच असतो. एसटीत रुमाल टाकणारा बहुतेक वेळा स्वतःसाठी टाकतच नाही. तो नातू असतो, भाचा असतो, शेजारचा मुलगा असतो, आणि ज्याच्यासाठी रुमाल पडलाय ती आजी अजून फलाटावर पिशवीजवळ उभी असते. कधी कधी तर ओळखही नसते: ‘ए बाळा, तेवढी पिशवी खिडकीतून आत टाक रे.’ म्हणून रुमालावरचं भांडण मिटतं ते ‘कोण आधी आलं’ यावर मिटत नाही. आजी आत आली, तिच्याकडे बघितलं, आणि जो आत्तापर्यंत ‘सीट विकत घेतली का’ म्हणत होता तो उठतो किंवा सरकतो. तीच जागा रुमालवाला स्वतः बसायला लागला तर भांडण पेटतं. खूण तीच. तिचं वजन ठरतं ते ती कुणासाठी आहे यावर. शिवाय तिला मुदतही असते. कंडक्टरने डबल बेल दिली, गाडी हलली आणि रुमालाचा मालक आला नाही, तर रुमाल उचलून खिडकीच्या दांडीला अडकवायचा आणि बसायचं. मग कुणी काही म्हणत नाही.

कंडक्टर या भांडणात न्याय देत नाही हेही टिपून ठेवा. राखीव जागांवर तो बोलेल, कारण त्या लिहिलेल्या आहेत: महिला, दिव्यांग, ज्येष्ठ नागरिक, आमदार, पत्रकार, स्वातंत्र्यसैनिक, खिडकीच्या वर रंगवलेलं सगळं. रुमालावर तो बोलत नाही. ‘वो भाऊ, सरकून घ्या ना, तिघं बसा’ एवढंच म्हणतो आणि तिकीट फाडत, म्हणजे आता मशीनचं बटण दाबत, पुढे जातो. म्हणजे ‘धरणं’ विरुद्ध ‘देणं’ अशा तंट्यावर त्याचा तोडगा ‘करणं’ हा आहे.

पण जागा करायची तर बाक पाहिजे. जुन्या लाल गाडीत एका बाजूला तिघांचा सलग बाक होता, त्यावर लेकरू मांडीवर घेऊन चौथीही मावायची. नव्या गाड्यांत दोन-दोनच्या वेगवेगळ्या, पाठ मागे जाणाऱ्या सीटा आल्या, मध्ये दांडा आला, आणि ‘सरका’ हा शब्द तिथे अर्थच गमावून बसला. सरकणार कुठे? लोक कमी माणुसकीचे झाले असं अनुमान काढण्याआधी सीटची रुंदी मोजा. काळ्यापिवळ्या जीपमध्ये बघा, तिथे सरकण्याला अंतच नाही, कारण गाडी भरल्याशिवाय निघतच नाही; जो सरकत नाही तो सगळ्यांचाच उशीर करतो. मुंबईची चौथी सीटही अशीच लाकडा-पत्र्याच्या मापातून आली आहे. तिघांच्या बाकावर चौथा अर्धा टेकतो, त्याचा एक पाय वाटेत असतो, आणि तरीही ती जागा त्याची ‘सीट’ म्हणून मान्य असते.

मुंबईच्या लोकलचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक. तिथे, विशेषतः बायकांच्या डब्यात, चढल्या चढल्या बसलेल्यांना विचारत जातात: ‘कुठे उतरणार?’ ‘दादर.’ ‘मग ती माझी हं.’ दादर यायला वीस मिनिटं असतात, पण ती जागा आता ठरली. मागून आलेलीने विचारलं तर बसलेलीच सांगते, ‘यांना दिलीय.’ म्हणजे जागा मागणं हा तिथे नियमभंग नाही. मागणं हीच तिथली रांग आहे. मिलग्रामचं वाक्य घेऊन तुम्ही ठाणे-सीएसएमटीच्या लोकलमध्ये गेलात आणि बाई म्हणाली ‘दादरला उतरतेय, तेव्हा बसा’, तर हे उत्तर होकारात टाकणार की नकारात? तुमच्या तक्त्यात त्याला रकानाच नाही. आणि जो रकाना नाही तोच तुमचा विषय होता.

‘शहराची संस्कृती’ या शब्दाचीही जरा धास्ती बाळगा. मुंबईकर असे, पुणेकर तसे, नाशिककडचे आणखी कसे, ही वाक्यं पुलंच्या वाचकाला गोड लागतात, पण प्रबंधात ती टिकत नाहीत. पुरावा वणीपासून थोड्याच अंतरावर आहे. चैत्र यात्रेत आणि नवरात्रात खासगी गाड्या नांदुरीला थांबवतात आणि तिथून गडावर फक्त एसटी सोडतात. खानदेशातून पायी आलेली माणसं, आजूबाजूच्या तालुक्यांतली कुटुंबं, सगळी रांगेत. तिथे रुमाल पडत नाही, कारण गाडी रांगेनेच भरते. खिडकीपाशी पोचणारच नाही तर टाकणार काय? वणीला खिडकीतून टोपी फेकणारा तोच माणूस नांदुरीला रांगेत मुकाट उभा असतो. माणूस तोच, भाषा तीच, नियम वेगळा, कारण गाडी भरण्याची पद्धत वेगळी. नियम शहराला चिकटवायचा की प्रसंगाला, हे सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावरच ठरवायला हवं.

आता मला जो सगळ्यात अडचणीचा भाग वाटतो तो. मिलग्राम आणि सबिनी यांनी अशा नियमांसाठी थॉमस शेफचा शब्द उचलला आहे: उरलेसुरले नियम. कायद्यात नाहीत, नीतिशास्त्रात नाहीत, मोडले तर कुणी गुन्हेगार म्हणत नाही, फक्त विचित्र वाटतं. पेपरची सगळी खेळकर हवा या शब्दावर उभी आहे. आमच्या विद्यार्थ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये तो ‘शिष्टाचार’ होऊन येतो, मग तर आणखीनच निरुपद्रवी वाटतो.

चाळीसगावला जाऊ, वणीपासून फार लांब नाही, खानदेशातच. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीचे सदस्य म्हणून तिकडे अस्पृश्यांवरच्या बहिष्काराची चौकशी करायला गेले. स्टेशनवरून वस्तीत न्यायला टांगेवाला मिळेना. अस्पृश्याचा टांगा हाकणं कमीपणाचं, म्हणून. शेवटी तडजोड निघाली: टांगा भाड्याने मिळेल, टांगेवाला हाकणार नाही. मग वस्तीतल्याच एकाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, लगाम हातात घेतला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. त्यांच्या लहानपणचा, १९०१ चा मसूर स्टेशनवरचा प्रसंगही असाच: भावंडं वडिलांकडे गोरेगावला निघालेली, बैलगाडीवाला तयार नाही, दुप्पट भाडं कबूल केल्यावर तडजोड काय, तर पोरांनी गाडी हाकायची आणि मालक बाजूने चालणार. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत.

हे दोन प्रसंग मिलग्रामच्या चौकटीत बसवून बघा. नियम अलिखित होता. टांग्यावर पाटी नव्हती. मोडला तर टांगेवाल्याच्या घशात आवाज अडकला असता, अगदी मिलग्रामच्या विद्यार्थ्यासारखा. भाड्याचे पैसे चालत होते, लगाम चालत नव्हता, म्हणजे नियमाला आपलं बारीक व्याकरणही होतं. सगळी लक्षणं ‘उरल्यासुरल्या’ नियमाची. फक्त परिणाम उरलासुरला नव्हता. तेव्हा हा शब्द वापरायचाच तर विचारायला हवं: कुणाच्या बाजूने बघितल्यावर उरलासुरला? जागा मागणाऱ्या विद्यार्थ्याला मळमळलं, हा त्याच्यासाठी दुपारचा त्रास होता. तो घरी गेला की संपला. १९७८ चा पेपर मोडणाऱ्याची भीती मोजतो. नियम पाळल्यामुळे कुणाला काय भोगावं लागलं, हा प्रश्न त्याच्या मांडणीत येऊच शकत नाही, कारण प्रत्येक प्रयोगात नियम मोडणारा तोच आहे ज्याला हवं तेव्हा थांबता येतं.

आज एसटीत टांग्यासारखं कुणी उघड बोलणार नाही, आणि बोललं तर कायदा आहे. पण ‘सरका’ हा शब्द सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो का, हे बघण्यासारखं आहे. सुरगाणा-पेठ बाजूची मजूर बाई बोचकं घेऊन चढते, मागे जाते आणि दोन सीटांच्या मधल्या वाटेत खाली बसते. कधी जागा असूनही. तिला कुणी ‘उठ’ म्हटलेलं नसतं. कुणी ‘या मावशी, बसा’ही म्हटलेलं नसतं. तिने मागितली नाही, कुणी नाकारली नाही. मिलग्रामच्या चारही प्रकारांत सुरुवात मागण्यापासून होते. इथे मागणंच झालं नाही, त्यामुळे नोंदवहीत रेघ पडत नाही. यावर लगेच जातीचं लेबल लावू नका. बोचकं सांभाळायचं असेल, ओकारीची भीती असेल, लवकर उतरायचं असेल. तिला विचारा. पण विचारताना तुम्ही सीटवर बसून खाली वाकून विचारताय की तिच्याजवळ टेकून, यावर उत्तर बदलेल.

लिहिलेला नियम बदलला की अलिखित कसा हलतो, यासाठीही वेगळा प्रयोग रचायची गरज नाही. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत झाली आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. गाडीत बायका वाढल्या हे डोळ्यांना दिसतं. त्याबरोबर एक नवं वाक्य ऐकू यायला लागलं: ‘अर्ध्या तिकिटात आख्खी सीट?’ हसत हसतच म्हणतात बहुतेकदा. पण ऐका नीट. भाडं आणि जागा यांचा संबंध याआधी कुणी जोडत नव्हतं. पासवाल्या विद्यार्थ्याला असं कुणी विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही. सवलत अनेकांना होती, प्रश्न आत्ताच का उगवला, आणि आजोबांच्या फुकट तिकिटावर का उगवला नाही? बाईने या वाक्याला काय उत्तर दिलं, शेजारची काय म्हणाली, कंडक्टर गप्प राहिला का, हे सगळं गाडी दिंडोरीला पोचेपर्यंत तुमच्यासमोर घडून जातं.

म्हणून माझा सल्ला, सिनॉप्सिस अजून जमा केला नसेल तर: मिलग्रामचा प्रश्न घ्या, त्याचं वाक्य घेऊ नका. नियम टिकतो कसा, हा प्रश्न अजूनही चांगला आहे. पण धडधाकट तरुणाने दवाखान्यातून परतणाऱ्या माणसाला ‘उठा’ म्हणायचं आणि टक्का काढायचा, याला आता तुमच्या विद्यापीठाची नैतिकता समितीही बहुधा हरकत घेईल आणि घ्यावीच. त्याची गरजही नाही. न्यूयॉर्कच्या डब्यात सगळे गप्प होते, म्हणून नियमाला बोलतं करायला तो मोडावा लागला. वणीच्या गाडीत सगळे बोलत असतात. भांडण स्वतःहून होतं, रोज, आणि भांडताना माणूस आपला नियम मोठ्याने सांगतो. तुम्हाला फक्त ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं आहे: ‘सरका’ की ‘सरकता का’, ‘उठा’ की ‘बसू द्या’, भाऊ की मावशी की नुसतंच ‘ओ’. घरी येऊन प्रमाण मराठीत साफ करू नका, त्यातच सगळं जातं.

बसायचं कुठे हेही आधी ठरवा. कंडक्टरजवळच्या सीटवरून राखीव जागांची भांडणं दिसतात. मागच्या बाकावरून रुमालाची. उभं राहिलात तर कोण कुणाला डोळ्यांनी ‘ये इकडे’ म्हणतंय तेही दिसतं, पण लिहिता येत नाही, एक हात दांडीला असतो. मी मोबाइलवर एका हाताने क्रियापद आणि वेळ एवढंच टिपते, बाकीचं उतरल्यावर स्टँडच्या बाकावर. नोंदींचे रकाने तीनच ठेवलेत: दिली, केली, धरली. चौथा हल्लीच वाढवला, खाली बसलेल्यांसाठी, आणि त्याला अजून क्रियापद सापडलेलं नाही.